फाल्गुनातला एक दिवस उघड्यावर: सावली धरून आखलेली कौटुंबिक सहल

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्रात सुरू होतो आणि माघ-फाल्गुन हे शिशिराचे महिने मानले जातात. परंतु पुणे, सातारा, नगर, सोलापूर या दख्खनच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला वसंताची पहिली चाहूल फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच लागते. माळावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते, ओढे आटत आलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी पळस, काटेसावर आणि पांगारा ही झाडे अंगावरची पाने गाळून फुलांनी पेटून उठतात. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा ते मार्चचा दुसरा आठवडा एवढाच हा काळ असतो. त्यातला एक दिवस तरी आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सगळ्यांनी मिळून घराबाहेर, झाडाखाली घालवावा, असे मला मनापासून वाटते.

मात्र हा दिवस जितका सुंदर, तितकाच फसवा असतो. पुण्याच्या आसपास या दिवसांत पहाटेचे तापमान १३-१४ अंशांवर असते आणि दुपारी ते ३३-३४ अंशांपर्यंत चढते. म्हणजे सकाळी स्वेटर घालून निघालेल्या कुटुंबाला सहा-सात तासांत जवळजवळ २० अंशांचा फरक सोसावा लागतो. तरुण माणसाला तो जाणवतही नाही. सत्तरीतल्या माणसाला आणि दोन वर्षांच्या मुलाला तो फार जाणवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही फुललेल्या पळसांच्या मधोमध सतरंजी अंथरली होती. सकाळी आठ वाजता ती जागा स्वर्गासारखी वाटली; साडेअकरा वाजता तिथे बोटभर सावली उरली नाही, आणि जेवणाआधीच आईला घेरी आली. त्या दिवशी एक गोष्ट कायमची कळली: या ऋतूत ज्या झाडावर बहर असतो, त्याच्याखाली सावली नसते. बहर पाहायला एका झाडाकडे जायचे आणि बसायला दुसऱ्या झाडाकडे, हे आधी ठरवूनच सहल आखावी लागते. पुढची सगळी मांडणी त्याच अनुभवावर उभी आहे.

आधी सावली, मग जागा

जागा निवडताना बहुतेक जण अंतर, रस्ता आणि दृश्य पाहतात. या ऋतूत पहिला प्रश्न असा विचारावा की तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात आठ-दहा माणसे आडवी होऊ शकतील एवढी दाट सावली आहे का. शक्य असल्यास घरातल्या एकाने आठवडाभर आधी, आणि तेही दुपारी बारा ते एकच्या दरम्यानच, जागा पाहून यावी, कारण सकाळी पाहिलेली जागा दुपारी ओळखू येत नाही. जाणे जमत नसेल, तर त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून "झाडाला पाला आहे का?" एवढेच विचारावे. "झाडे आहेत का?" असे विचारले तर उत्तर नेहमी होकारार्थीच येते.

झाडांची पारख थोडी सविस्तर सांगतो, कारण सगळा दिवस तिच्यावर अवलंबून असतो. पळस, काटेसावर आणि पांगारा सावलीसाठी बाद आहेत, हे वर आलेच. पिंपळ आणि कडुलिंब यांच्यावर एरवी डोळे झाकून विश्वास टाकावा, पण त्यांची पानगळ नेमकी याच सुमारास होते, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ती झाडे ठरवू नयेत. बाभळीची सावली विरळ असते आणि खाली काटे पडलेले असतात. वड चांगला, परंतु फांद्यांवर मोहोळ नाही ना, हे वर पाहून घ्यावे लागते. चिंचेची सावली थंड असते आणि या दिवसांत पिकलेल्या चिंचांचे आकडे खाली पडलेले असल्यामुळे मुले तासभर रमतात. चिंचेखाली झोपू नये अशी जुनी समजूत आहे आणि आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ती मोडलेली आवडत नाही, म्हणून आम्ही चिंचेखाली बसतो आणि झोपायला दुसरीकडे जातो. जांभळाचे जुने झाड मिळाले तर दुसरे काही शोधू नये, कारण ते बारमाही हिरवे असते आणि त्याची सावली दाट असते.

आंब्याविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मोहोरावर तुडतुडे असले की त्यांच्यापासून चिकट द्राव ठिबकत राहतो आणि तासाभरात सतरंजी, डबे, केस सगळेच चिकट होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कलमी आंब्याच्या बागेत मोहोराच्या काळात तुडतुडे आणि भुरी यांच्यासाठी औषधांची फवारणी चालू असते, म्हणून अशा बागेत लहान मुलांना घेऊन बसण्यापूर्वी शेवटची फवारणी कधी झाली हे मालकाला स्पष्ट विचारावे आणि ती नुकतीच झाली असेल तर तिथे बसू नये. त्यापेक्षा शेताच्या बांधावरचा एखादा जुना रायवळ आंबा बरा, कारण त्याच्या वाट्याला सहसा फवारणी येत नाही.

ठिकाणांचे म्हणाल तर नातेवाइकांचे किंवा ओळखीचे शेत याहून सोयीची जागा नाही, कारण तिथे विहिरीचे पाणी, माणसांची सोबत आणि स्वच्छतागृह या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. घरातल्या स्त्रिया आणि मधुमेहाचा त्रास असलेली वडीलधारी माणसे पुष्कळदा केवळ स्वच्छतागृहाच्या काळजीने दिवसभर पाणी कमी पितात, आणि उन्हाचा त्रास त्यांनाच आधी होतो. म्हणून जागेपासून पंधरा मिनिटांच्या आत स्वच्छ सोय नसेल, तर ती जागा कितीही सुंदर असली तरी मी ती सोडून देतो. शेत नसेल तर जुन्या देवळाभोवतीची राई हा उत्तम पर्याय आहे. पक्ष्यांची ओढ असलेल्या कुटुंबांसाठी पुण्यापासून सोलापूर रस्त्यावर सुमारे १०० किलोमीटरवर भिगवणजवळचे उजनी जलाशयाचे काठ आहेत, जिथे मार्चपर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे पाहायला मिळतात आणि स्थानिक मच्छीमार होडीतून जवळ घेऊन जातात. मात्र तो काठ उघडा आहे. तिथली होडी सकाळी दहापूर्वी उरकून दुपारसाठी गावात छपराखाली किंवा झाडाखाली सोय आधी सांगून ठेवावी लागते.

आदल्या दिवशीची तयारी

पाण्यापासून सुरुवात करावी. दिवसभरासाठी प्रत्येक मोठ्या माणसामागे तीन लिटर आणि लहान मुलामागे दीड लिटर पिण्याचे पाणी धरावे. सहा मोठी माणसे आणि दोन मुले यांच्यासाठी २० लिटरचा एक जार आणि वर घरच्या एक-दोन बाटल्या पुरतात. हात-तोंड धुण्यासाठीचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये घ्यावे, नाहीतर पिण्याचे पाणी दुपारी दोनलाच संपते. जाराभोवती जाड सुती कापड गुंडाळून ते ओले करावे आणि वाऱ्याच्या बाजूला ठेवावे. फाल्गुनातली हवा कोरडी असल्यामुळे कापडातले पाणी भराभर उडते आणि जाताना जारातली उष्णता घेऊन जाते. घरचा माठ ज्या तत्त्वावर पाणी गार करतो, तेच हे. दर तासाला कापड पुन्हा ओले करायचे काम एखाद्या मुलाकडे सोपवावे. मुले ते फार जबाबदारीने करतात.

कपडे सुती, सैल आणि पूर्ण बाह्यांचे असावेत, वर पहाटेसाठी एक स्वेटर, म्हणजे ऊन चढेल तसा तो काढून ठेवता येतो. माळावरच्या गवतातले कुसळ या दिवसांत पूर्ण वाळलेले असते आणि ते लोकरीच्या व जाड विणीच्या कापडात शिरले की निघता निघत नाही, म्हणून गवतातून चालताना स्वेटर अंगात नको आणि पायमोजे विजारीखाली झाकलेले असावेत. पायात बंद बूट हवेत. डोक्याला टोपी, उपरणे किंवा ओढणी, आणि तान्ह्या मुलाला सुती कुंची.

सामानात दोन जाड सतरंज्या, एक जुनी चादर, वडीलधाऱ्यांसाठी घडीच्या दोन खुर्च्या, सुती पंचे, विळी किंवा सुरी, कचऱ्यासाठी दोन गोण्या, विजेरी आणि औषधांची पेटी असावी. खुर्च्यांविषयी विशेष आग्रह एवढ्याचसाठी, की गुडघेदुखी असलेली माणसे जमिनीवर बसायला नाही म्हणत नाहीत आणि नंतर दोन दिवस अंथरुणावर काढतात. औषधांच्या पेटीत रोजच्या गोळ्या, मलमपट्टी, चिमटा, तापाचे औषध आणि जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. पाकीट नसल्यास एक लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून घरचे द्रावण करता येते. मिठाचे प्रमाण अंदाजाने वाढवू नये.

शिदोरी

उन्हात टिकेल तीच शिदोरी खरी. भात, खिचडी, ओल्या नारळाची चटणी, बटाट्याची पातळ भाजी आणि मलई घातलेले गोड पदार्थ या सहलीला नकोत. शिजवल्यावरही भातात काही जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात आणि डब्यातल्या उबेत ते झपाट्याने वाढतात. पहाटे पाचला केलेला भात दुपारी एकला दिसायला चांगला असतो, पण विश्वासाचा नसतो.

आपल्याकडे प्रवासासाठी दशमी होती, ती उगाच नव्हे. चार वाट्या ज्वारीच्या पिठात चवीपुरते मीठ आणि चमचाभर लोणी घालून, पाण्याचा थेंबही न वापरता, कोमट दुधात पीठ मळावे. साधारण दोन वाट्या दूध लागते, पण पीठ जुने असेल तर थोडे अधिक. दुधाचाच हात लावून दशमी थापावी आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी निगुतीने शेकावी, कारण आच मोठी झाली तर दुधामुळे ती वरून करपते आणि आतून कच्ची राहते. नीट शेकलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ असते. धपाट्यांसाठी तीन वाट्या ज्वारीचे, एक वाटी गव्हाचे आणि अर्धी वाटी हरभऱ्याच्या डाळीचे पीठ घेऊन त्यात लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, ओवा, तीळ आणि मीठ घालावे. घरी आपण कांदा किंवा मेथी घालतो, पण सहलीच्या धपाट्यात ती ओल नको. आठ माणसांना अठरा-वीस दशम्या आणि सोळा धपाटे पुरतात, कारण मोकळ्या हवेत भूक नेहमीपेक्षा जास्त लागते.

यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, कोरडा झुणका, लोणचे, कांदा आणि गूळ घ्यावा. सगळे पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय डबे बंद करू नयेत, कारण आत कोंडलेल्या वाफेने दशमी भिजते आणि झुणका आंबतो. दही आदल्या रात्री स्टीलच्या डब्यातच लावावे, म्हणजे ते तिथेच घट्ट विरजते, प्रवासात सांडत नाही, आणि जागेवर गार पाणी, जिरेपूड व मीठ घालून त्याचे ताजे ताक करता येते. फळांची उणीव या दिवसांत भासत नाही. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो, कलिंगडे आलेली असतात, आणि सासवड-पुरंदरच्या बाजूला गेलात तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या तिथल्या अंजिरांची रस्त्याकडेला चौकशी अवश्य करावी. हुरड्याची आशा मात्र धरू नये. त्याचा काळ साधारण जानेवारीबरोबर संपतो आणि आता ज्वारीचे दाणे टणक झालेले असतात. शेतकऱ्याने आपल्या शेतात स्वतः आगटी पेटवून गव्हाच्या ओंब्या किंवा हरभऱ्याचा हुळा भाजून दिला, तर तो त्या दिवसाचा सर्वांत गोड घास ठरतो.

पहाट ते साडेअकरा

फेब्रुवारीच्या अखेरीस पुण्यात सूर्य साधारण सात वाजायच्या सुमारास उगवतो. तासाभराचे अंतर असेल तर घर पावणेसहाला सोडावे. मुलांना उठवून, आवरून, नाश्ता करून निघायचा विचार केला तर नऊ वाजतात आणि दिवसाचा सर्वांत चांगला भाग रस्त्यावर जातो. त्यांना झोपेतच स्वेटर घालून गाडीत ठेवावे आणि दूध थर्मासमध्ये बरोबर घ्यावे.

पोहोचल्यावर सामान सावलीच्या झाडाखाली ठेवून लगेच फुललेल्या झाडाकडे जावे. काटेसावर मिळाली तर पहिली पसंती तिला द्यावी. तिची जाड, लाल, पाच पाकळ्यांची फुले मधुरसाने भरलेली असतात आणि सकाळच्या पहिल्या दोन तासांत तिथे पक्ष्यांची अक्षरशः पंगत बसते. झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर, सूर्य पाठीशी घेऊन बसावे आणि अर्धा तास कुणी हलू नये, एवढाच नियम मुलांना सांगावा. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळे आणि खारी तर येतातच. नशीब असेल तर भोरड्यांचा थवा उतरतो. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या पळसमैना आपल्याकडे हिवाळा काढून एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाकडे परत जातात. दूर कुठेतरी तांबट पक्ष्याचे ठोके चालू असतात; तो दिसत नाही, पण ऐकू येतो हे आजोबांनी नातवंडांना सांगावे, कारण एकदा ओळखलेला तो आवाज शहरातही ऐकू येऊ लागतो.

पळसाखाली मुलांना फूल हातात घेऊन पाहू द्यावे. त्याची बाकदार पाकळी पोपटाच्या चोचीसारखी दिसते, म्हणूनच संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, "हा पोपट तर नव्हे?" असा त्या शब्दाचा अर्थ आहे. "पळसाला पाने तीनच" ही म्हण मुलांनी ऐकलेली असते, आणि फुलांच्या दिवसांत ती तीन पानेही झाडावर नसतात हे पाहून ती चकित होतात. जमिनीवर पडलेल्या वाळक्या पानांतून तीनचा जोड शोधायला लावावे. फुले तोडायची नाहीत. रोज सकाळी खाली सडा पडलेला असतो, त्यातून प्रत्येकाने दोन ओंजळी फुले कापडी पिशवीत गोळा करावीत. त्यांचे काम रात्री आहे.

नऊच्या सुमारास नाश्ता आणि त्यानंतर दहा-साडेदहापर्यंत फिरणे, एवढेच उन्हातले काम ठेवावे. अकरानंतर सावलीबाहेर काही आखू नये.

सतरंजी कुठे अंथरायची

साडेअकराच्या आधी सगळ्यांना सावलीत आणावे आणि सतरंजी खोडाच्या उत्तर बाजूला अंथरावी. या दिवसांत सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो, म्हणून सकाळी अकराला सावली वायव्येकडे, मध्यान्ही उत्तरेकडे आणि तीनला ईशान्येकडे पडते. उत्तरेला बसलेल्या माणसाला या चार तासांत फारसे हलावे लागत नाही. सावली किती सरकते याचाही अंदाज असावा. फेब्रुवारीच्या अखेरीस पुण्याच्या अक्षांशावर १२ मीटर उंच झाडाच्या शेंड्याची सावली भर मध्यान्ही खोडापासून उत्तरेला साधारण ६ मीटरवर पडते. म्हणजे खोडाला टेकून बसण्यापेक्षा तीन-चार पावले उत्तरेला सरकून बसणे अधिक सुखाचे.

उत्तर दिशा शोधण्याचे काम मुलांचे. सकाळी अकराला उघड्या सपाट जागेवर एक सरळ काठी उभी रोवावी आणि दर पंधरा मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकावर खडा ठेवावा. सावली सर्वांत आखूड बारा वाजता होईल असे मुले ठामपणे सांगतात. पुण्याजवळ प्रत्यक्षात ती पाऊण वाजून गेल्यावर, १२ वाजून ४५ ते ५० मिनिटांच्या दरम्यान होते. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि पुणे ७४ अंशांच्या जवळ आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य आपल्याकडे सुमारे ३४ मिनिटे उशिरा माथ्याच्या रेषेवर येतो, आणि पृथ्वीच्या लंबगोल कक्षेमुळे व आसाच्या कलामुळे या दिवसांत त्यात आणखी तेरा-एक मिनिटांची भर पडते. सर्वांत आखूड सावली जिकडे पडली, ती खरी उत्तर. शाळेत पाठ केलेली गोष्ट मुलांनी स्वतःच्या खड्यांनी पडताळून पाहिली की ती कायमची राहते, आणि खडे ठेवायला जाण्यापुरते मिनिटभर ऊन टोपी घालून खुशाल लागू द्यावे.

जेवण बाराला घ्यावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना त्यांच्या नेहमीच्या वेळी वाढावे. पंगत एकत्र बसावी या हौसेपायी त्यांना थांबवू नये. त्यानंतर साडेतीनपर्यंत फक्त विश्रांती. ज्याने सकाळी गाडी चालवली आणि संध्याकाळी चालवायची आहे, त्याने या वेळात झोप घेतलीच पाहिजे, कारण पहाटे उठलेल्या आणि उन्हात राहिलेल्या माणसाला परतीच्या रस्त्यावर डुलकी लागण्याचा धोका खरा असतो. बाकीच्यांनी गप्पा माराव्यात, चिंचा सोलाव्यात, वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीच्या वनभोजनांविषयी विचारावे. माझ्या घरातल्या कितीतरी गोष्टी मला अशा दुपारी सतरंजीवर पडूनच कळल्या आहेत.

जपायच्या गोष्टी

सर्वांत गंभीर धोका आग्या मोहोळाचा. बहराच्या दिवसांत या माश्या उंच झाडांवर, कड्यांवर आणि जुन्या वास्तूंच्या कमानींखाली पोळी करतात. बसण्यापूर्वी झाड आणि आजूबाजूची झाडे वर पाहून तपासावीत; काळपट, अर्धगोल, फांदीखाली लोंबणारा आकार दिसला तर दूरची दुसरी जागा पाहावी. धूर, दगड आणि उग्र अत्तर यांनी माश्या चवताळतात. त्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड-डोके कापडाने झाकून, मुलांना कडेवर घेऊन गाडीत किंवा घरात शिरेपर्यंत पळत राहावे; पाण्यात उडी मारू नये, कारण माश्या वर घिरट्या घालत राहतात. डंख लवकरात लवकर नखाने खरवडून काढावा. श्वास लागला, चेहरा सुजला, किंवा मुलाला अथवा वृद्धाला अनेक डंख झाले असतील, तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे.

विस्तव पेटवू नये. राखीव वनात आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी वाळलेल्या गवतावर उडालेली एक ठिणगी पूर्ण डोंगर जाळायला पुरते. फेब्रुवारी ते जून हाच वणव्यांचा काळ आहे. विडी-सिगारेटलाही हाच नियम.

धरणाच्या फुगवट्याचे पाणी या दिवसांत ओसरू लागलेले असते आणि काठावर वरून कोरडा, आतून पोकळ गाळ उरतो. त्यात पाय रुततो आणि पुढे तळ एकदम खोल जातो. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये आणि पाण्याकाठी प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस नेमून द्यावे, कारण "सगळे लक्ष ठेवतील" याचा अर्थ अनेकदा कुणीच ठेवत नाही असा होतो.

दगड हाताने उलटू नयेत, खाली विंचू असतो. घरी आल्यावर सगळ्यांनी, विशेषतः मुलांनी, गोचिडांसाठी काखा, मान आणि कानामागची त्वचा पाहून घ्यावी. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या भागांत गोचिडांमधून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि त्याचा काळही हाच असतो. तिथे राहणाऱ्यांनी जंगलातल्या पालापाचोळ्यावर न बसता देवळाचे आवार किंवा अंगण निवडावे, आणि मेलेले माकड दिसल्यास त्याच्याजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

उन्हाचा त्रास डोकेदुखी, मळमळ आणि चिडचिड यांनी सुरू होतो. अशा माणसाला सावलीत आडवे करून ओल्या पंच्याने अंग पुसावे, वारा घालावा आणि घोट घोट जलसंजीवनी द्यावी. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडात काही घालू नये आणि रुग्णवाहिका बोलवावी. यासाठीच, पोहोचल्या पोहोचल्या मोबाइलला रेंज कुठे येते हे पाहून ठेवावे.

उतरते ऊन

साडेतीननंतर ऊन मऊ व्हायला लागते. उरलेली दही-ताकाची भांडी रिकामी करावीत, द्राक्षे आणि गूळ-शेंगदाणे वाटावेत, आणि चार-साडेचारला पुन्हा एकदा पळसाकडे जावे. सकाळी समोरून उजेड घेणारी फुले आता पाठीमागून उजळतात आणि रंग पूर्ण वेगळा दिसतो. घरातला सगळ्यांचा फोटो काढायचा असेल तर तो याच वेळी काढावा. ज्यांना सावली सोडवत नाही त्यांना खुर्चीतच बसू द्यावे.

निघण्यापूर्वी गोणी घेऊन संपूर्ण जागा एकदा फिरावी. आपला कचरा तर उचलायचाच. आधीच्या माणसांच्या प्लास्टिकच्या पिशव्याही उचलाव्यात, कारण त्या गुरांच्या पोटात जातात. शेतमालकाला घरून आणलेली दशमी-चटणी आणि थोडी फळे द्यावीत, पैसे देऊ करण्यापेक्षा ते बहुधा अधिक आनंदाने घेतले जाते. सूर्य साडेसहानंतर मावळतो, परंतु सहाला गाडीत बसावे, म्हणजे संधिप्रकाशातला, गुरे आणि उसाच्या बैलगाड्या घरी परतण्याच्या वेळचा रस्ता अंधार पडण्याआधी मागे पडतो.

घरी पोहोचल्यावर सतरंज्या गच्चीत झटकाव्यात, कुसळे चिमट्याने काढावीत, आणि कितीही दमलेले असलात तरी पळसाच्या फुलांचे काम त्याच रात्री करावे. हिरवे देठ काढून फक्त पाकळ्या मोठ्या पातेल्यात घ्याव्यात, दोन ओंजळी पाकळ्यांना दोन लिटर या प्रमाणात कढत पाणी ओतावे आणि झाकण ठेवून द्यावे. सकाळी पाणी केशरी-पिवळे झालेले असते. ते पातळ फडक्यातून गाळून एक-दोन दिवसांत रंग खेळायला वापरावे. रंगपंचमी लांब असेल तर फुले न भिजवता सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावीत, आणि आदल्या रात्री मुलांच्या हातांनीच पातेल्यात घालावीत.